‘समजले’ आणि ‘समजल्यासारखे वाटले’: हायस्कूलमध्ये पाऊल ठेवणाऱ्या मुलांसाठी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले, की हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांसाठी सल्ल्यांचे लेख वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. वेळापत्रक आखा, ध्येय ठरवा, मोबाईलपासून लांब राहा, भरपूर मेहनत घ्या, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. त्यात चुकीचे काही नाही. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक वर्गांना गणित शिकवल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे, की या टप्प्यावर मागे पडणारी कितीतरी मुले मेहनत करत असतानाच मागे पडतात, आणि आपण मागे पडत आहोत हे पहिल्या मोठ्या परीक्षेचा पेपर हातात पडेपर्यंत त्यांच्या ध्यानातही येत नाही. असे का होते आणि ते कसे टाळता येईल, एवढ्या एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे. पत्र लांबले आहे, तरी विषय हजारो घरांतील मुलांचा असल्याने आपण त्याला जागा द्यावी, ही विनंती.

प्राथमिक शाळेत बहुतेक मुलांना दिवसभर एकच शिक्षक किंवा शिक्षिका शिकवतात. कोणाची हातच्याची बेरीज चुकते, कोण वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते, कोण आज गप्प गप्प आहे, हे त्यांना वही न उघडताही कळते, कारण ते मूल सकाळपासून त्यांच्या नजरेसमोर असते. हायस्कूलमध्ये विषयागणिक शिक्षक बदलतात. एकेका शिक्षकाकडे अनेक तुकड्या असतात. घंटा होते, एक जण खडू ठेवून बाहेर पडतात आणि दुसरे आत येतात. यात कोणाची हयगय नसते. विषय खोलात जाऊन शिकवायचा, तर त्या विषयाचा जाणकार हवा, आणि असा जाणकार एकाच वर्गाला दिवसभर मिळू शकत नाही. मात्र या बदलात एक जबाबदारी गाजावाजा न होता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. एखादी गोष्ट मुलाला समजली आहे की नाही, हे तपासण्याचे काम आतापर्यंत शिक्षक करत होते. यापुढे ते मुलाने स्वतः करायचे असते. इमारत मोठी झाली, विषय वाढले, दप्तर जड झाले, हे सगळे मुलांना दिसते आणि त्याची तयारीही ती हौसेने करतात. हा बदल मात्र दिसत नाही आणि त्यांना तो कोणी शब्दांत सांगतही नाही.

मी स्वतःही तो अनेक वर्षे सांगितला नाही, याची मला खंत आहे. एखादे उदाहरण फळ्यावर सोडवून झाले, की मी वर्गाकडे वळून ‘समजलं का?’ असे विचारत असे. वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणे आणि मी फळा पुसून पुढच्या उदाहरणाला हात घाली. त्या ‘हो’मध्ये खोटेपणा नव्हता. मी एकेक पायरी सांगत असताना मुलांना ती खरोखरच पटत होती. त्या काळातली एक मुलगी मला आजही आठवते. दुसऱ्या बाकावर बसायची. वही अतिशय नेटकी, प्रत्येक उदाहरण तारखेसह उतरवलेले, सूत्रांभोवती लाल चौकटी. सहामाही परीक्षेत तिला गणितात जेमतेम उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळाले. ती रडली नाही; वही माझ्यासमोर ठेवून एवढेच म्हणाली, ‘बाई, मला हे सगळं येतं. मी हे तीन वेळा वाचलंय.’ मी ती वही मिटली आणि तिच्यातलेच एक उदाहरण, आकडेसुद्धा न बदलता, कोऱ्या कागदावर सोडवायला दिले. तिने पहिली ओळ लिहिली आणि पेन थांबले. तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होते, ते मी विसरू शकलेले नाही. आपल्याला हे येत नाही, हे त्या क्षणापर्यंत तिला ठाऊक नव्हते, आणि तिची शिक्षिका असून मलाही ठाऊक नव्हते. त्यानंतर मी तो प्रश्न विचारणे सोडून दिले. तासाची शेवटची पाच मिनिटे वह्या मिटायच्या आणि नुकतेच शिकवलेले एक उदाहरण न बघता लिहून दाखवायचे, असा नेम ठेवला. पहिले काही दिवस वर्गाला तो जाचक वाटला. पण कोण कोणत्या पायरीवर अडते, हे मला आणि त्यांना एकाच वेळी दिसू लागले.

एखादी गोष्ट वाचताना ओळखीची वाटणे आणि ती न बघता सांगता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटावा आणि नाव मात्र काही केल्या आठवू नये, तसाच हा प्रकार. धडा तिसऱ्यांदा वाचताना डोळे भराभर पुढे सरकतात, पुढच्या ओळीत काय येणार याची चाहूल आधीच लागते, आणि ही सहजता मनाला ज्ञानासारखी भासते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पालकसभांतून नेहमी सांगत आले. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचायला दिले. त्यांपैकी एक उतारा विद्यार्थ्यांनी पुन्हा एकदा वाचला. दुसरा पुन्हा न वाचता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवत होता. परंतु ज्यांची परीक्षा आठवड्यानंतर झाली, त्यांना पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील सरासरी ४२ टक्के भाग आठवला आणि लिहून काढलेल्या उताऱ्यातील ५६ टक्के. याच अभ्यासातील दुसऱ्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणाऱ्या गटाला आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री वाटत होती, आणि आठवड्यानंतर सर्वांत कमी त्याच गटाच्या लक्षात राहिले होते. आत्मविश्वास एकीकडे आणि स्मरण दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीचे नेमके हेच झाले होते.

पुढे २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० प्रचलित पद्धतींवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास निरनिराळ्या दिवसांत विभागणे, या दोनच पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. नुसते पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे यांची उपयुक्तता कमी प्रतीची असल्याचे त्यांनी नोंदवले. घरोघरी ‘अभ्यास’ म्हणून जे चालते, ते बहुतांशी या शेवटच्या दोन प्रकारांत मोडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलामुलींना माझे पहिले आणि मुख्य सांगणे असे, की पुस्तक उघडण्याइतकेच ते मिटायला शिका. धडा एकदा लक्षपूर्वक वाचा, मग तो बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, आणि त्यानंतरच पुस्तक उघडून काय सुटले ते पाहा. गणितात सोडवलेले उदाहरण झाकून स्वतः सोडवा. अडलात तर फक्त पुढची एक ओळ पाहा, पुन्हा झाका आणि उदाहरण पहिल्यापासून सुरू करा. पेन जिथे थांबले, तिथे समासात एक खूण करा. तुमचा खरा अभ्यास त्या खुणेपाशी आहे. बाकीचे तुम्हाला येतच होते. विज्ञानात हृदयाची आकृती न बघता काढा आणि रक्त कोणत्या कप्प्यातून कोठे जाते, याचे बाण स्वतः दाखवा. किंवा स्वतःला विचारा, की अमावास्येला चंद्र का दिसत नाही. चंद्राच्या कला आपल्याला पाठ आहेत असे समजणारी अनेक मुले, आणि मोठी माणसेही, या प्रश्नाला ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे उत्तर देतात. पृथ्वीच्या सावलीने चंद्रग्रहण होते, आणि ते पौर्णिमेला होते. अमावास्येला चंद्राचा प्रकाशित अर्धा भाग आपल्याकडे पाठ करून असतो, म्हणून तो दिसत नाही. धड्यात हे लिहिलेले असते, मुलांनी ते वाचलेलेही असते, पण स्वतःच्या शब्दांत सांगायची वेळ आल्याशिवाय आपला गैरसमज उघड होत नाही.

इतिहासाबद्दलही थोडे सांगते, कारण तो घोकण्याचा विषय असल्याची समजूत फार पक्की आहे. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली, हे वाक्य पाठ करायला एक मिनिट पुरते. पण पुस्तक मिटून कारणांची साखळी जुळवून पाहा. युद्धांच्या खर्चाने राजाचा खजिना रिता झाला होता; सरदार आणि धर्मगुरू यांना अनेक करांतून सूट असल्यामुळे भार सामान्यांवर पडत होता; आदल्या वर्षी पीक बुडाले होते; नवे कर बसवण्यासाठी राजाला १६१४ नंतर प्रथमच तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली, आणि तिथे मते माणशी मोजायची की वर्गनिहाय, यावरून ठिणगी पडली. ही साखळी ज्याला न बघता सांगता येते, त्याला सनावळी वेगळी पाठ करावी लागत नाही, आणि परीक्षेत प्रश्न कसाही फिरवून आला तरी त्याचे गाडे अडत नाही.

आता उजळणीविषयी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात, ते मोजले. तासाभरातच श्रमांतल्या या बचतीपैकी निम्म्याहून अधिक निघून गेली होती आणि एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरली होती. त्यानंतर मात्र घसरण मंदावली. शाळेतला धडा निरर्थक नसतो, त्यामुळे तो एवढ्या झपाट्याने पुसला जात नाही. परंतु विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीलाच होतो, ही गोष्ट तिथेही खरी आहे. यातून निघणारा मार्ग साधा आहे. आज शिकलेले आज संध्याकाळी दहा मिनिटे न बघता लिहा, दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, आणि नंतर महिन्याने. परीक्षेआधी सलग सहा तास बसण्यापेक्षा हेच सहा तास महिन्याभरात वाटून घेतले, तर शिकलेले कितीतरी अधिक टिकते. मधल्या काळात थोडे विसरल्यासारखे होते आणि आठवायला जोर लावावा लागतो, म्हणून मुलांना ही पद्धत त्रासाची वाटते. तो जोर लावण्यातूनच शिकलेले पक्के होते, हे त्यांना कोणीतरी आधी सांगून ठेवायला हवे, नाही तर आठवत नाही याचा अर्थ आपल्याला जमत नाही असा ती काढतात आणि पुन्हा वाचनाकडे वळतात.

माझ्या विषयाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हायस्कूलच्या गणितात जी मुले अडतात, ती बरेचदा हायस्कूलच्या गणितामुळे अडत नाहीत. बीजगणिताचे समीकरण समोर असते आणि चूक अपूर्णांकाच्या बेरजेत होते. रॉबर्ट सिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतील मुलांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून हायस्कूलमधील त्याच मुलांच्या गणिताचा अंदाज बांधता येतो, असे त्यांना आढळले. आणि बुद्ध्यांक, कुटुंबाचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण या बाबी हिशेबात घेतल्यानंतरही हा संबंध टिकून होता. याचा अर्थ ज्याचे अपूर्णांक कच्चे राहिले त्याचे सगळे संपले, असा मुळीच नाही. उलट, नेमके कुठे परत जायचे ते यातून कळते. नवीन वर्गातल्या पहिल्या पंधरा दिवसांत मागच्या दोन इयत्तांची गणिताची पुस्तके काढा आणि प्रत्येक प्रकरणातील एकेक उदाहरण सोडवून पाहा. जिथे अडाल, तिथून सुरुवात करा. नववीतल्या मुलाने सहावीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा नाही. अनेक मुले (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असे लिहून मोकळी होतात. ३ आणि ४ घेऊन पाहिले, तर ७ चा वर्ग ४९ येतो आणि ९ अधिक १६ हे २५ होतात, एवढे एकदा ताडून पाहिले तरी ती चूक जन्मात पुन्हा होणार नाही. पण ताडून पाहण्याची सवय लागायला ‘हे मला येते’ या भावनेवर थोडा अविश्वास ठेवावा लागतो.

इथवर स्वतः करायच्या गोष्टी झाल्या. जिथे स्वतःचे प्रयत्न थांबतात, तिथे विचारावे लागते, आणि मुले नेमकी याच वयात विचारणे थांबवतात. नवा वर्ग, अनोळखी चेहरे, बदलते शरीर, फुटणारा आवाज. आपण तोंड उघडले की सगळा वर्ग आपल्याकडे पाहणार आणि दिवसभर तेच बोलणार, असे वाटते. या वाटण्याविषयी त्यांना एक प्रयोग सांगावा. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांनी तो टी-शर्ट पाहिला असेल, असा अंदाज त्या विद्यार्थ्यांनी केला. प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांच्याच तो लक्षात आला होता. तुम्ही विचारलेला प्रश्न वर्ग विसरून जातो, कारण त्या वर्गातला प्रत्येक जण स्वतःच्याच काळजीत असतो. न विचारलेला प्रश्न मात्र पुढच्या धड्यात तुमच्यासोबत येतो.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. ‘मला काहीच समजलं नाही’ असे म्हटले, तर शिक्षक पुन्हा पहिल्यापासून तेच सांगतात आणि तुम्ही पुन्हा त्याच ठिकाणी अडता. त्याऐवजी ‘तिसऱ्या ओळीपर्यंत मला कळलं, चौथ्या ओळीत चिन्ह का बदललं ते कळलं नाही’, असे सांगा. समासात केलेली ती खूण इथे कामी येते. वर्गात धीर होत नसेल, तर तास संपल्यावर भेटा, वही घेऊन भेटा. इतक्या वर्षांत असा नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलाचा मला एकदाही कंटाळा आला नाही, आणि माझ्या बहुतेक सहकाऱ्यांनाही तो येत नसे. क्वचित एखादे शिक्षक तुटकपणे बोलतात, हे मी नाकारत नाही. तसे झाले तर दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांना विचारा, वरच्या वर्गातल्या ताईला किंवा दादाला विचारा, पण प्रश्न सोडून देऊ नका.

विचारण्याऐवजी तयार उत्तर मिळवण्याची सोय आता प्रत्येक हातात आहे, आणि त्याविषयी मला काळजी वाटते. पूर्वी मार्गदर्शक पुस्तके होती, आता गृहपाठाचा फोटो काढला की क्षणात पूर्ण उत्तर लिहून देणारी साधने आहेत. ती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. दुर्गम भागातल्या ज्या मुलाला घरी विचारायला कोणी नाही, त्याच्यासाठी चांगला समजावून सांगणारा व्हिडिओ हा मोठाच आधार आहे. परंतु उत्कृष्ट रीतीने समजावलेले उत्तर पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि ज्या भासाविषयी मी हे पत्र लिहीत आहे, तो तिथे सर्वांत दाट असतो. म्हणून व्हिडिओ पाहून झाला की तो बंद करा आणि तेच उदाहरण कागदावर करा. तयार उत्तर पाहण्याआधी निदान पंधरा मिनिटे स्वतः झगडा. एवढे केले तर ही साधने शिक्षकासारखी उपयोगी पडतील. नाही केले तर गृहपाठ दररोज पूर्ण होईल आणि मुलाला काही येणार नाही.

झोपेबद्दल पालक आणि मुले दोघांचाही गैरसमज असतो. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये केली आहे. या वयात शरीराचे आतले घड्याळच पुढे सरकते. झोप उशिरा येते आणि सकाळी उठवत नाही. त्यामुळे या मुलांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सुचवले, ते याच कारणाने. शाळेची वेळ आपल्या हातात नसते. रात्रीचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे मात्र हातात असते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचणारे मूल आधीच्या दिवसांची मेहनतही कमकुवत करत असते.

मैत्रीविषयी फार सांगण्याची गरज नाही. या वयात मैत्री सल्ल्याने होत नाही. पहिल्या महिन्यात आपल्याला कोणी मित्र किंवा मैत्रीण मिळाली नाही, तर घाबरून जाऊ नका, एवढेच सांगते. खेळ, वाद्य, नाटक, वाचनालय, यांपैकी एका ठिकाणी नियमाने जा. एकत्र काही करता करता झालेली मैत्री टिकते. आणि जिच्याजवळ ‘मला हे येत नाही’ असे मोकळेपणाने म्हणता येते, अशी एक मैत्रीण किंवा असा एक मित्र असला, तर दोघांचाही अभ्यास सुधारतो. एकमेकांना समजावून सांगताना आपल्या ज्ञानातली भोके जशी दिसतात, तशी एकट्याने बसून दिसत नाहीत. कोणी सतत चिडवत असेल, हिणवत असेल किंवा मारत असेल, तर मात्र ते सहन करत बसू नका. त्याच दिवशी घरी आणि शाळेत सांगा.

पालकांना हात जोडून एक विनंती आहे. मूल शाळेतून आले, की ‘आज किती अभ्यास केलास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज शिकलेलं एक काहीतरी मला सांग’ असे म्हणा. आपल्याला त्या विषयातले काही कळत नसले तरी चालेल. किंबहुना कळत नसेल तर अधिक बरे, कारण मग मुलाला खरोखरच समजावून सांगावे लागेल. ते अडखळले तर रागावू नका, आपण शिकवायलाही बसू नका. ‘उद्या बाईंना विचारून ये आणि मला सांग’ एवढेच म्हणा. मूल टेबलाशी किती तास बसले यावर अभ्यास मोजणाऱ्या घरात मूल तास भरायला शिकते. मी असे कितीतरी प्रामाणिक, थकलेले चेहरे वर्गात पाहिले आहेत.

आणि पहिल्या चाचणीचा पेपर घरी येईल, तेव्हा गुणांचा आकडा पाहून तो कपाटात जाऊ देऊ नका. हायस्कूलच्या पहिल्या वर्षात त्या पेपरासारखे मोलाचे काही नाही, कारण काय येते आणि काय येत नाही, हे त्यात प्रथमच कोणाच्या भासावर न राहता कागदावर उतरलेले असते. मुलाने पेपर घेऊन बसावे आणि प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या जातीची आहे ते लिहावे: येत होते पण घाईत चुकले, अर्धवट येत होते, की मुळातच समजले नव्हते. घाईच्या चुका दिसतात त्यापेक्षा कमी असतात; ‘येत होतं, पण चुकलं’ असे मुले ज्यांना म्हणतात, त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या प्रकारच्या निघतात. त्या मुलीने आणि मी तिचा सहामाहीचा पेपर असाच पुन्हा तपासला होता. तेरा चुकांपैकी तिने आधी दहा चुकांपुढे ‘घाई’ असे लिहिले. एकेक उदाहरण कोऱ्या कागदावर करून पाहिल्यावर ‘घाई’ हा शब्द दोनच चुकांपुढे उरला. बाकीच्या अकरा चुकांची यादी तिने वहीच्या शेवटच्या पानावर केली, दर शनिवारी त्यांतील दोन-तीन उदाहरणे न बघता सोडवली, आणि जे सलग तीन शनिवार बिनचूक आले, तेवढ्यावरच रेघ मारली.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका